पंचरेषेखालचे परके स्वर

नाताळापूर्वीची एक संध्याकाळ. मध्यरात्रीच्या मिस्साच्या तयारीसाठी आमच्या धर्मग्रामातील गायकवृंद सभागृहात जमला होता. आमच्यातीलच एका होतकरू तरुणाने एका नाताळगीतासाठी नवे वाद्यसंगीत रचले होते. घरच्या संगणकावर त्याने ते आम्हांला आधीच ऐकवले होते, आणि चाळीस व्हायोलिने एकाच वेळी गाऊ लागल्याचा तो भास ऐकून आम्ही सारेच भारावून गेलो होतो. आता प्रत्यक्ष वाद्यांवर तालीम व्हायची होती. त्याने छापून आणलेले कागद स्टँडवर लागले. आमच्या गायकवृंदात पन्नास वर्षे व्हायोलिन वाजवणारे एक वृद्ध वादक आहेत. त्यांनी चष्मा पुसला, कागद जवळ घेतला, पुन्हा दूर धरला आणि गज खाली ठेवला.

कागदावर पंचरेषेच्या खाली अकरा-अकरा छोट्या रेषांना लोंबकळणारे स्वर जागोजागी छापले होते. व्हायोलिनची सर्वांत जाड तार ज्या स्वराला लावलेली असते, त्याच्याही अडीच सप्तकांहून खालचे ते स्वर! "बाळा, हा स्वर काढायचा तर माझी चौथी तार विहिरीत सोडावी लागेल," वृद्ध वादक म्हणाले. सारे हसले. तरुण ओशाळून म्हणाला, "अंकल, ते स्वर तुमच्यासाठी नाहीत. ते कॉम्प्युटरसाठी आहेत. छापताना लपवायचे राहून गेले." त्यावर त्या वृद्धांनी शांतपणे विचारले, "मग आमच्यासाठी काय लिहिलं आहेस?"

या प्रश्नाला उत्तर नव्हते. कारण खरी अडचण त्या जादा स्वरांची नव्हतीच. ते खोडता आले असते. अडचण अशी होती की, कोठे तार बोटाने छेडायची, कोठे गज तुटक मारायचा, कोठे स्वर एकाच गजात जोडून घ्यायचे, यांपैकी एकही खूण कागदावर नव्हती. ती सारी माहिती त्या परक्या स्वरांत दडलेली होती आणि तिचा अर्थ फक्त यंत्राला कळत होता. त्या संध्याकाळी तालीम झाली नाही. पुढे वेळ उरला नाही म्हणून मध्यरात्रीच्या मिस्साला ते गीत ध्वनिवर्धकातून वाजवण्यात आले आणि ते वृद्ध वादक व्हायोलिनची पेटी मांडीवर घेऊन बाकावर बसून राहिले.

हा लेख आम्ही त्या तरुणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. तो गुणी आहे आणि त्याने जे केले तेच आज शेकडो गुणी तरुण करीत आहेत. म्हणूनच या प्रकाराविषयी स्पष्ट बोलणे आम्हांला आमचे कर्तव्य वाटते.

प्रथम हा प्रकार काय आहे ते समजून घेऊ. आभासी वाद्यवृंद म्हणजे खऱ्या वादकांनी वाजवलेल्या एकेका स्वराच्या ध्वनिमुद्रणांचा प्रचंड साठा. चेलोवादक हर्ब टुकमांडल यांनी स्थापन केलेल्या व्हिएन्ना सिम्फॉनिक लायब्ररीने या शतकाच्या आरंभी असा साठा लोकांपुढे आणला. 2019 साली स्पिटफायर ऑडिओ या ब्रिटिश संस्थेने बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या वादकांचा असाच साठा तयार केला. अशा साठ्यात व्हायोलिनचा एकच स्वर अनेक रीतींनी मुद्रित केलेला असतो : लांब गजाने, तुटक गजाने, बोटाने छेडून, थरथरत्या गजाने, म्यूट लावून. आता संगणकाला सांगायचे कसे की, या क्षणी छेडलेला स्वर हवा आणि पुढच्या क्षणी गजाचा? यासाठी योजलेली युक्ती म्हणजे कीस्विच. कीबोर्डवरच्या ज्या पट्ट्या त्या वाद्याच्या आवाक्याबाहेर असल्याने रिकाम्या पडलेल्या असतात, त्यांना खुणेचे काम दिले जाते. अगदी खालची एक पट्टी दाबली की पुढचे स्वर छेडलेले येतात, शेजारची दाबली की तुटक येतात. त्या पट्टीचा स्वतःचा आवाज मात्र होत नाही.

ही युक्ती का शोधावी लागली याचेही कारण आहे. संगणक आणि वाद्ये ज्या भाषेत बोलतात ती मिडी नावाची भाषा 1983 साली रूढ झाली. ती जन्मली कीबोर्डच्या सोयीसाठी. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली, केव्हा सोडली, हे ती उत्तम सांगते. तिच्यात 0 पासून 127 पर्यंत 128 स्वरांची सोय आहे. परंतु 'तार बोटाने छेड' हे सांगणारा शब्दच तिच्यात ठेवलेला नव्हता, कारण कीबोर्डला तार नसते आणि गजही नसतो. जो शब्द भाषेत नाही, तो रिकाम्या पट्ट्या उसन्या घेऊन बोलावा लागला. गरजेपोटी केलेली ही कारागिरी आहे आणि कारागिरी म्हणून आम्ही तिचा आदरच करतो.

मग आमचे भांडण कशाशी? आमचे म्हणणे एवढेच की, कीस्विचची जागा यंत्राच्या पोटात आहे. स्वरलिपीच्या पानावर नाही. स्वरलिपी हे एका माणसाने दुसऱ्या माणसाला लिहिलेले पत्र आहे. त्या पत्रात यंत्राच्या चाव्या कोंबणे हा वाचणाऱ्याचा अपमान आहे. शिवाय ते लिहिणाऱ्याचे नुकसानही आहे.

अकराव्या शतकात इटलीमधील बेनेडिक्टाइन मठवासी ग्विदो द'आरेत्सो यांनी रेषांवर स्वर मांडण्याची पद्धत नेटकी केली, ती कशासाठी? तोवर प्रत्येक गीत गुरूच्या तोंडून ऐकूनच पाठ करावे लागे आणि त्यात उमेदीची वर्षे निघून जात. आपल्या मिखाएल नावाच्या मठबंधूला लिहिलेल्या पत्रात ग्विदो सांगतात की, ज्यासाठी दहा वर्षेही अपुरी पडत, ते आता एका, फार तर दोन वर्षांत साध्य होईल. पूर्वी कधीही न ऐकलेले गीत नुसत्या पानावरून गाता यावे, हा त्या रेषांमागचा हेतू होता. सुमारे हजार वर्षांनंतर त्याच रेषांवर असे काही लिहावे की, जे यंत्राने वाजवून दाखवल्याखेरीज कोणालाच कळू नये, याला प्रगती कसे म्हणायचे? ही तर उलटी वाटचाल झाली.

कोणी म्हणेल, यंत्रासाठी संगीत लिहिणे हे काही आजचे नाही. खरे आहे, आणि ते उदाहरण आमच्याच बाजूचे आहे. 1791 साली मोझार्टने व्हिएन्नातील काउंट डाइम यांच्या संग्रहालयातील यांत्रिक ऑर्गनसाठी रचना केल्या. त्या यंत्रात फिरत्या दंडगोलावर खिळे ठोकलेले असत आणि त्या खिळ्यांनी स्वर उघडत व मिटत. मोझार्टने आपल्या स्वरलिपीत खिळे लिहिले नाहीत. त्याने संगीत लिहिले. खिळे ठोकण्याचे काम यंत्राच्या कारागिराचे होते. त्याचे फळ असे की, एफ मायनरमधील त्याची ती रचना आज जगभरचे ऑर्गनवादक आपल्या दोन हातांनी आणि दोन पायांनी वाजवतात. कीस्विच हे आजच्या काळातले खिळे आहेत. ते जरूर ठोकावेत. पण दंडगोलावर ठोकावेत, कागदावर नव्हेत.

आता काही आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की, "छेडलेला स्वर हवा असेल तर यंत्राला ते सांगावे तर लागेलच; पानावर लिहिल्यावाचून कसे सांगणार?" हा आक्षेप दहा-पंधरा वर्षांपूर्वी काही अंशी रास्त होता. आज तो राहिलेला नाही. स्वरलेखनाच्या बहुतेक प्रमुख प्रणालींत यंत्रासाठी एक स्वतंत्र शब्दकोश असतो. 2016 साली आलेल्या डोरिकोमध्ये त्याला एक्स्प्रेशन मॅप म्हणतात. सिबेलियसमध्येही अशी कोशाची सोय आहे. तुम्ही पानावर, वादकाला कळेल अशा रूढ पद्धतीने 'पिझ्झिकाटो' असा शब्द लिहायचा, स्वराच्या डोक्यावर टिंब द्यायचे किंवा दोन स्वरांवर कमान काढायची. कोश त्या खुणेचे भाषांतर करतो आणि योग्य ती पट्टी यंत्राच्या पोटात गुपचूप दाबतो. नोटपरफॉर्मर नावाची एक स्वीडिश प्रणाली तर स्वरलिपी क्षणभर पुढे वाचून घेते आणि पानावरच्या खुणांवरूनच वादन ठरवते. लिहिणाऱ्याला कीस्विचचा विचारही करावा लागत नाही. याचा अर्थ एवढाच की, माणसासाठी नीट लिहिलेले पान यंत्रालाही पुरते. उलट यंत्रासाठी लिहिलेले पान माणसाला पुरत नाही, हे आम्ही त्या संध्याकाळी पाहिले.

दुसरा आक्षेप : "कोश तयार करायला दिवस-दिवस लागतात. प्रत्येक साठ्याच्या पट्ट्या वेगळ्या. त्यापेक्षा चार स्वर पानावर टाकणे सोपे." सोपे आहे, हे आम्हांला मान्य आहे; पण ते सोपेपण किती काळ टिकते ते पाहावे. एका कंपनीच्या साठ्यात जी पट्टी दाबल्यावर स्वर छेडला जातो, तीच पट्टी दुसऱ्या कंपनीच्या साठ्यात जोडस्वर देते. इतकेच नव्हे, सप्तकांच्या नावांवरही एकमत नाही. मिडीमधील 60 क्रमांकाच्या मध्य सीला कोणी 'सी 3' म्हणतात तर कोणी 'सी 4'. त्यामुळे माहितीपुस्तिकेत वाचून लिहिलेली पट्टी पुरते एक सप्तक चुकते आणि यंत्र गप्प बसते किंवा भलतेच काही करते. क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेट बी फ्लॅटचा असला तर आणखी गंमत. या वाद्यांसाठी लिहिलेला स्वर प्रत्यक्षात एक पूर्ण स्वर खाली वाजतो. संगीत खाली येते ते योग्यच. पण त्याच पंचरेषेत लिहिलेला कीस्विचही त्याच्याबरोबर खाली घसरतो आणि भलतीच पट्टी दाबली जाते. मग रचनाकार रात्र-रात्र जागून आपलीच चूक शोधत बसतो. ज्याने कोश एकदा नीट तयार केला, त्याला साठा बदलला तर केवळ कोश बदलावा लागतो. ज्याने पानावर पट्ट्या टाकल्या, त्याला प्रत्येक पान पुन्हा लिहावे लागते. पहिल्याने विहीर खणली, दुसरा रोज घागर घेऊन परक्याच्या अंगणात उभा राहतो.

आणि हे साठे, या प्रणाली कायमच्या आहेत असे तरी कोणी समजू नये. गेल्या शतकातील ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आलेली फिनाले ही स्वरलेखनाची प्रणाली जगभर वापरली जात होती. 26 ऑगस्ट 2024 रोजी तिच्या कंपनीने तिचा विकास थांबवल्याचे जाहीर केले. असंख्य रचनाकारांना आपले आयुष्यभराचे काम दुसऱ्या प्रणालीत हलवण्याची वेळ आली. असे स्थलांतर करण्यासाठी म्युझिकएक्सएमएल नावाची एक सामाईक लिपी आहे. तिच्यातून टिंबे जातात, कमानी जातात, 'पिझ्झिकाटो' हा शब्द जातो. परंतु पंचरेषेत टाकलेला कीस्विच हा कीस्विच आहे हे तिला कसे कळावे? तिच्या दृष्टीने तो एक साधा स्वर. नव्या घरी तो स्वर म्हणूनच पोहोचतो आणि चांगल्या संगीतात खड्यासारखा लागतो. चाव्या सोबत आल्या, पण ती कुलपेच राहिली नाहीत, अशी ही स्थिती!

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो आम्ही हलका मानत नाही. तरुण आम्हांला विचारतात, "वादक आहेत कोठे? आमच्या गावात चार व्हायोलिने एकत्र मिळत नाहीत. ज्याला कोणी वाजवणारच नाही, ते वादकांसाठी कशाला लिहायचे? यंत्र हाच आमचा वाद्यवृंद." ज्या मुलाला मोठा वाद्यवृंद ऐकण्याचीही संधी मिळणार नाही, त्याला आपली रचना घरबसल्या ऐकता यावी, ही लहान देणगी नव्हे. आमच्या पिढीतील कित्येकांनी लिहिलेले संगीत त्यांच्या कानांनी कधीच ऐकले नाही. म्हणून यंत्र फेकून द्या, असे आम्ही म्हणत नाही.

परंतु वादक नाहीत म्हणून वादकांसाठी लिहायचे नाही, आणि वादकांसाठी कोणी लिहीत नाही म्हणून वादक तयार होत नाहीत, हे चक्र कोणी तरी तोडायला नको का? आपल्या समाजाला तर याची आठवण करून देण्याची गरज पडू नये. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत पिढ्यान् पिढ्या मुलांना सोल्फा आणि व्हायोलिन शिकवले गेले. त्या मुलांनी पुढे मुंबई गाठली आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत मानाची जागा मिळवली, ती कशाच्या बळावर? समोर ठेवलेला नवा कागद पहिल्याच नजरेत वाचून वाजवण्याच्या बळावर. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 साली मुंबईत भारतीय राग आणि पाश्चात्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणारा स्वतःचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे व्हायोलिनचे शिष्य. 1977 सालच्या 'अमर अकबर अँथनी' चित्रपटातील गीतामुळे या गुरूचे नाव भारतभर लोकांच्या ओठी गेले. या साऱ्या मंडळींची भाकरी पंचरेषेवर भाजली जात होती. पुढे सिंथेसायझर आले आणि त्या मोठ्या वाद्यवृंदांची गरज ओसरत गेली. त्या वेळी वादकांच्या हातून काम गेले. पण निदान स्वरलिपी तरी त्यांची राहिली होती. आता पानही त्यांच्या हातून काढून घ्यायचे काय?

आणखी एक नुकसान आहे, ते कानाला चटकन कळत नाही. यंत्राचे ऐकून लिहिणाऱ्याची कल्पनाशक्ती हळूहळू यंत्राच्या यादीएवढी होते. ज्या रीतीसाठी साठ्यात पट्टी आहे तेवढीच रीत त्याला सुचते. यंत्रातील बासरीवादकाला श्वास घ्यावा लागत नाही, म्हणून तो वीस मात्रांचा स्वर सलग लिहितो. यंत्रातील ट्रम्पेटवादकाचे ओठ थकत नाहीत, म्हणून तो त्याला पानभर उंच सप्तकात उभा ठेवतो. एकटी बासरी साऱ्या पितळी वाद्यांवर मात करते, कारण आवाजाची खुंटी त्याच्या हाती असते. मग एखाद्या दिवशी खरे वादक समोर बसले की सारा डोलारा कोसळतो आणि दोष मात्र बिचाऱ्या वादकांच्या माथी येतो : "कॉम्प्युटरवर तर छान वाजत होते!" जो वादकासाठी लिहितो, त्याला वादकाचा श्वास आणि वादकाचा हात आठवावा लागतो. ती आठवण म्हणजेच अर्धे रचनाशास्त्र होय.

उपासनेच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली पवित्र उपासनेवरील संविधान प्रसिद्ध केले. भाविकांचा सजग आणि सक्रिय सहभाग हा त्याचा गाभा आहे. चार व्हायोलिने किंचित बेसूर वाजली तरी त्यांत चार माणसांचे अर्पण असते. ध्वनिवर्धकातील चाळीस निर्दोष व्हायोलिनांत आपल्या धर्मग्रामातील एकाही माणसाचा हात नसतो. देवाला आपल्या घरच्या भाकरीऐवजी हलवायाकडून आणलेले ताट दाखवावे, तसे हे झाले.

केवळ टीका करून थांबणे योग्य नव्हे. म्हणून आमचे मागणे आम्ही स्पष्ट मांडतो. रचनाकारांनी पंचरेषेत असा एकही स्वर लिहू नये, जो वादकाने वाजवायचा नाही. वादनाची प्रत्येक रीत आधी वादकाच्या भाषेत, म्हणजे टिंब, कमान आणि शब्द यांनी लिहावी. यंत्रासाठी भाषांतर करायचे ते कोशात करावे. ज्यांच्या प्रणालीत कोश जमतच नसेल, त्यांनी यंत्राच्या खुणांसाठी वेगळी पंचरेषा ठेवावी आणि ती छापू नये. आपल्या संगीतस्पर्धांच्या आयोजकांनी रचना संगणकावर ऐकण्याआधी तिचे पान वाचावे, आणि शक्य तर दोन-तीन वादकांपुढे ठेवून पाहावे. धर्मग्रामाच्या गायकवृंदांनी नव्या रचनाकाराला एवढाच नियम घालावा की, आमच्याकडे जितके वादक आहेत तितक्यांसाठी लिही. दोन व्हायोलिने आणि एक पेटी असेल तर दोन व्हायोलिने आणि एका पेटीसाठी लिही. त्यात कमीपणा नाही. उलट, आपल्याजवळ आहे तेवढ्यात गोडवा आणणे हे अधिक अवघड आणि अधिक मानाचे काम आहे.

त्या तरुणाविषयी दोन शब्द लिहून आम्ही थांबतो. नाताळ उलटल्यावर तो त्या वृद्ध वादकांच्या घरी गेला. सोबत ते कागद होते. प्रत्येक ओळीपाशी थांबून त्यांनी त्याला विचारले, "इथं तुझ्या मनात काय होतं?" आणि त्याने सांगितलेले त्यांनी शिसपेन्सिलीने पानावर लिहिले : इथे गज उचल, इथे तार छेड, इथे चार स्वर एका गजात. अकरा रेषांखालचे ते सारे स्वर खोडले गेले. आता त्या पानावर कोणतेही यंत्र न लावता कोणीही व्हायोलिनवादक ते गीत वाजवू शकेल. आज वाजवू शकेल आणि आमची पिढी नसतानाही वाजवू शकेल. येत्या नाताळला ते ध्वनिवर्धकातून नव्हे, तर त्याच वृद्ध हातांतून ऐकावे, एवढीच आमची इच्छा आहे.